कळसूत्री बाहुली ते यंत्रमानव : सातारा-सांगलीतील मुलांचे यंत्रशिक्षण

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील काही माध्यमिक शाळांत आज सहावी ते बारावीची मुले लहान यंत्रमानव स्वतः जोडतात, त्यांना सूचना लिहून देतात आणि ते चुकले की पुन्हा उघडतात. शाळांत ही सोय गेल्या दहा वर्षांत आली. यंत्राच्या शेजारी राहून, त्याला हात लावून शिकण्याची रीत मात्र या मुलखात पुष्कळ जुनी आहे. दोन्ही जिल्ह्यांचा भूतकाळही एकमेकांत गुंतलेला आहे. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने आणि इंग्रजी अमलाखालचा सातारा जिल्हा असा हा तुकड्यातुकड्यांचा प्रदेश होता. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. यंत्र नुसते समोर आले की मुले त्याला जीव लावतात, त्याच्याभोवती जमतात. त्यांचे शिक्षण सुरू होते ते यंत्र त्यांच्या ताब्यात आल्यावर, म्हणजे ते उघडण्याची, बिघडवण्याची आणि दुरुस्त करण्याची मुभा मिळाल्यावर. कळसूत्री बाहुल्या, कारखान्यांच्या वाड्या, वसतिगृहे, शेतावरची इंजिने आणि आजच्या प्रयोगशाळा या क्रमाने पाहिले की ही गोष्ट उलगडत जाते.

हलणाऱ्या वस्तूंशी पहिली ओळख

मराठी नाटकाचा आरंभ सांगलीत झाला. संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. याच भाव्यांनी लाकडी कळसूत्री बाहुल्याही घडवल्या होत्या. सांध्यांवर हलणारे अवयव आणि वरून ओढायच्या दोऱ्या अशी त्यांची रचना होती. या बाहुल्या दीर्घकाळ विस्मृतीत गेल्या. पुढे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा प्रेक्षकांसमोर आणल्या. हालचालीचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला वेगळी दोरी द्यायची आणि दोऱ्या ठरावीक क्रमाने ओढायच्या, हे बाहुलीचे तंत्र होते. यंत्रमानवाच्या हातातही प्रत्येक सांध्याला वेगळी मोटार असते आणि त्या कोणत्या क्रमाने फिराव्यात हे आधी ठरवून द्यावे लागते. रामदास पाध्यांचे वडील यशवंत पाध्ये यांच्या ‘अर्धवटराव’ या बोलक्या बाहुल्याने महाराष्ट्रातल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांना हसवले. बाहुल्याचा आवाज माणसाचा आहे हे ठाऊक असूनही मुले प्रश्न विचारताना बाहुल्याकडेच पाहत.

घडवलेल्या वस्तूला सजीव मानून वागवण्याची ही वृत्ती सणांतही दिसते. आषाढात येणाऱ्या बेंदराला या भागातली मुले मातीचे बैल करतात, त्यांना रंगवतात आणि पुजतात. खंडेनवमीला शेतकऱ्याची अवजारे, सुताराचे रंधे, कारखान्यातली लेथ, दारातली मोटारसायकल या सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहिली जातात. ज्या वस्तूने घर चालते तिच्याबद्दल कृतज्ञ असावे, हा संस्कार मुलांवर शाळेच्या आधीच होतो.

वीज आल्यावर गणेशोत्सवात हलते देखावे सुरू झाले. राक्षसाची मान वळते, हनुमानाचा हात वर जातो, पाळणा हलतो, हे पाहायला मुले मंडपांपुढे गर्दी करत. मागे बहुधा एक जुनी मोटार, पट्टे, कप्प्या आणि मध्यापासून बाजूला खीळ बसवलेली चाके एवढीच सामग्री असे. चाक गोल फिरते आणि खिळीला जोडलेला दांडा वरखाली होतो. दांड्याची लांबी बदलली की हात किती उचलला जाईल ते बदलते. मंडळाच्या थोरल्या मुलांबरोबर रात्री जागून हे जुळवणाऱ्या पोरांना यंत्राचे हे नियम पुस्तकाआधी समजले. मंडपापुढे उभ्या राहिलेल्या बाकीच्या मुलांनी कौतुक घरी नेले. पाहण्यातला आणि करण्यातला हा फरक पुढच्या सगळ्या टप्प्यांवर दिसतो.

कारखान्यांच्या वाड्या

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात शेतांच्या मधोमध कारखाने उभे राहिले. त्यांपैकी किर्लोस्करवाडीचा प्रभाव सर्वांत मोठा. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. ती नोकरी सोडून ते बेळगावला गेले. तिथे सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास झाला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्याने सुरुवातीला नांगर खपेना. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ आणि कर्ज देऊ केले. १९१० मध्ये त्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले.

या वसाहतीत वाढलेल्या मुलांच्या दृष्टीने कारखाना म्हणजे घराशेजारचे आवार होते. ओतशाळेतली भट्टी, वाळूचे साचे, कातकामाची यंत्रे रोज डोळ्यांसमोर असत. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव (जन्म १९०३) याच वातावरणात वाढले आणि १९२२ मध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले. यंत्रांबद्दलची ही ओढ छापील पानांतूनही पसरली. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले. कारखान्याच्या वार्तापत्रातून शंकरराव किर्लोस्करांनी महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक घडवले आणि उद्योग, विज्ञान, स्वावलंबन हे विषय खेड्यापाड्यांतल्या घरांत नेले. त्याच वर्षी झेक लेखक कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक प्रसिद्ध झाले आणि ‘रोबोट’ हा शब्द जगाला मिळाला. चापेकच्या नाटकात कृत्रिम कामगार माणसांवर उलटतात. कुंडलच्या माळावर मात्र त्या काळी यंत्राकडे बैलाचे आणि माणसाचे कष्ट हलके करणारी वस्तू म्हणून पाहिले जात होते.

कराडजवळ ओगलेवाडीत १९१६ मध्ये ओगले ग्लास वर्क्स सुरू झाले. तिथला ‘प्रभाकर’ कंदील वीज नसलेल्या घरांत पोचला आणि त्याच्या उजेडात हजारो मुलांनी अभ्यास केला. काच पुसणे, वात कापणे, रॉकेल भरणे ही कामे बहुतेक घरांत मुलांकडेच असत. साताऱ्याजवळ पाडळी येथे, म्हणजे सातारा रोडला, धनजीशा कूपर यांनी १९२० च्या दशकात कारखाना काढला. नांगरांपासून सुरू झालेला हा कारखाना पुढच्या दशकात डिझेल इंजिने बनवू लागला आणि भारतातल्या आरंभीच्या डिझेल इंजिनांत त्यांची गणना होते.

मुलांनी यंत्राशेजारी असण्याची एक दुःखद बाजूही होती. भारतात कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ मध्ये झाला. त्याने फक्त सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला मनाई केली. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ, १९२२ मध्ये बारा आणि १९४८ मध्ये चौदा वर्षे झाली. यंत्राच्या तालावर दिवसभर एकच हालचाल करणारे मूल यंत्राबद्दल काही शिकत नाही; त्याची बोटे, झोप आणि शाळा तेवढी हिरावली जाते. म्हणून मुलांना यंत्र कळावे यासाठी आधी त्यांना यंत्राच्या चाकरीतून सोडवावे लागले. हे काम कायद्याने केले आणि त्याहून अधिक शाळांनी केले.

कमवा आणि शिका

शाळांच्या या कामात अग्रणी होते कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांचा जन्म १८८७ मध्ये कुंभोज येथे झाला आणि त्यांचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातले ऐतवडे बुद्रुक. भाऊरावांनी ओगले काच कारखान्यासाठी काम केले, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले आणि कूपर यांच्या सातारा रोडच्या कारखान्याच्या उभारणीतही भाग घेतला. कारखान्याच्या नफ्यातून बहुजनांच्या शिक्षणाला पैसा मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती फळली नाही आणि त्यांनी कारखानदारीचा मार्ग सोडला. नांगर विकताना पाहिलेली खेडी, तिथले दारिद्र्य आणि शाळेविना वाढणारी मुले त्यांच्या मनातून गेली नाहीत.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. मुले शेतात राबत, विहिरी खणत, इमारतींसाठी दगड-माती वाहत आणि त्या कष्टांवर शिकत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य त्या दिनक्रमातून आले.

कमवा आणि शिका या पद्धतीने श्रमाला वेळेची आणि हेतूची मर्यादा घातली. काम मुलाच्या शिक्षणासाठी होते, मूल कामासाठी नव्हते. हाताने काम करणारा आणि डोक्याने काम करणारा असे समाजाने पाडलेले दोन वर्ग एकाच मुलात एकत्र आणण्याचा हा प्रयत्न होता. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमची मांडणी केली, तिच्यातही हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी होता. शाळेतल्या आजच्या यंत्रमानवाच्या टेबलावर हात आणि विचार एकत्र काम करतात. त्या शिक्षणाचा पाया या भागात असा घातला गेला.

इंजिन, वीज आणि महाविद्यालये

स्वातंत्र्यानंतर यंत्र शेतात शिरले. विहिरीवरची मोट गेली आणि तिथे डिझेल इंजिन आले. कोयना प्रकल्पाची वीज १९६० च्या दशकात मिळू लागल्यावर हळूहळू विजेचे पंप बसले. इंजिनाचे हँडल मारणे, पट्टा चढवणे, पंपात पाणी भरून हवा काढणे, फ्यूज बांधणे ही कामे बापाशेजारी उभे राहून पोरगे शिकत असे. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारी मुले या पट्ट्यात गावोगाव होती. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांनी, सांगली-मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींनी आणि गावोगावच्या वेल्डिंग दुकानांनी या कौशल्याला रोजगार दिला.

औपचारिक शिक्षणाचीही सोय झाली. सांगलीत १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि १९५५ पासून ते वालचंद यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. कराडला १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. इस्लामपूरजवळ साखराळे येथे १९८३ मध्ये राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची स्थापना झाली. शेतकऱ्यांची मुले अभियंते होऊ लागली. तरीही शाळा आणि महाविद्यालय यांच्यात एक पोकळी राहिली. पहिली ते दहावीचे विज्ञान बहुतांशी फळ्यावर आणि वहीत होते. इंजिन खोलून बसवणाऱ्या मुलाला त्या कौशल्याचे गुण कुठेच मिळत नव्हते.

ही पोकळी भरण्याचा महत्त्वाचा प्रयोग शेजारच्या पुणे जिल्ह्यात झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय त्यांनी शाळेच्या वेळापत्रकात बसवला. वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती आणि आरोग्य यांची खरी कामे गावातल्या लोकांसाठी करत मुले शिकू लागली. २००२ च्या सुमारास पाबळला ‘फॅब लॅब’ उभी राहिली. संगणकाने चालणारी कापण्याची आणि कोरण्याची यंत्रे गावातल्या मुलांच्या हाती देणारी ती जगातल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक होती.

संगणक, कासव आणि फरशीवरचे गणित

यंत्रमानव शाळेत आणण्याची कल्पना अमेरिकेत जन्मली. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे गणितज्ञ सीमोर पॅपर्ट यांनी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्याबरोबर काही वर्षे काम केले होते. वॉली फ्यूर्झिग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. लोगोच्या सूचनांवर जमिनीवर चालणारे एक छोटे यंत्र होते. त्याला कासव म्हणत. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ ही सूचना चार वेळा दिली की कासव चौरस काढते. त्रिकोण काढताना मूल बहुधा ६० अंश वळायला सांगते आणि आकृती फसते. मग मूल स्वतः उठते, कासवासारखे चालून पाहते आणि वळताना आपण १२० अंश फिरतो हे त्याच्या पायांना समजते. आतला कोन आणि बाहेरचा कोन यांतला फरक असा अंगातून उमगतो. यंत्राला शिकवता शिकवता मूल स्वतः विचार करायला शिकते, हे पॅपर्ट यांचे म्हणणे होते. १९८० मधल्या त्यांच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकाचे नाव १९९८ मध्ये लेगो कंपनीच्या यंत्रमानव-संचाला मिळाले.

भारतात शालेय संगणकाचा आरंभ १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या केंद्र सरकारच्या प्रकल्पाने झाला. मोजक्या शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. पुढील काळात संगणक कक्ष वाढले, पण एका संगणकाभोवती अनेक मुले आणि कळफलकावर एकाचाच हात, असे चित्र बहुतेक ठिकाणी राहिले.

साताऱ्यात मात्र पियाजेंच्या विचारांची दुसरी शाखा संगणकाशिवाय बहरली. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीट या शाळासमूहातल्या सुमारे ४० जिल्हा परिषद शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. वर्गातली फरशी हाच फळा झाला. संख्यारेषेवर उड्या मारत बेरीज-वजाबाकी, दगड-काड्यांचे दशक, गटात बसून एकमेकांना समजावणे असे वर्ग चालू लागले. राज्यभरातून शिक्षक हे वर्ग पाहायला आले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाला या कामाचा मोठा आधार मिळाला. संख्यारेषेवर उडी मारणारे मूल आणि कासवामागे चालणारे मूल एकाच मार्गाने शिकतात: आधी शरीराने, मग चिन्हांनी. म्हणूनच यंत्रमानव या भागातल्या शाळांत आला तेव्हा त्याला पूरक अशी अध्यापनाची रीत इथे आधीच तयार होती.

अटल प्रयोगशाळांतील यंत्रमानव

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरात अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यातले १० लाख उभारणीसाठी आणि बाकीचे पाच वर्षांच्या खर्चासाठी. त्रिमितीय छपाईयंत्र, सोल्डरिंगची साधने, आर्डुइनोसारखे छोटे नियंत्रक, संवेदक आणि मोटारी असा साठा तिथे असतो. देशात अशा प्रयोगशाळांची संख्या दहा हजारांपर्यंत गेली आणि सातारा-सांगलीतल्या काही शाळांनाही त्या मिळाल्या.

मुलांचा पहिला यंत्रमानव बहुधा रेषेवरून चालणारी गाडी असतो. गाडीच्या पोटाशी अवरक्त किरण सोडणारे दिवे आणि ते टिपणारे संवेदक असतात. पांढरा पृष्ठभाग किरण परत पाठवतो, काळी पट्टी ते शोषून घेते. डावा संवेदक काळ्यावर आला की डावीकडे वळायचे, उजवा आला की उजवीकडे, एवढाच नियम. नियम सोपा असला तरी गाडी पहिल्या दिवशी सरळ जात नाही. दोन मोटारी कधीच अगदी सारख्या फिरत नाहीत. बॅटरी उतरली की वेग बदलतो. खिडकीतून ऊन आले की संवेदक गोंधळतात, कारण सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात. या प्रत्येक बिघाडामागचे कारण शोधताना मुलांना मापन, तुलना आणि धीर यांचा सराव होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, हा प्रयोगाचा मूळ नियम गाडी त्यांना शिकवते.

अडथळा ओळखणाऱ्या यंत्रमानवात ध्वनीचा उपयोग होतो. माणसाला ऐकू न येणारा ध्वनी पुढे जातो, आदळून परत येतो. लागलेल्या वेळाला ध्वनीच्या वेगाने गुणून दोनाने भागले की अंतर मिळते. नववीच्या विज्ञानात प्रतिध्वनी आणि सोनार शिकताना वहीत केलेले गणित इथे चालत्या चाकांना थांबवते.

मुले आपल्या परिसरातले प्रश्नही या टेबलावर आणतात. मातीचा ओलावा मोजून ठिबकचा पंप चालू-बंद करणे हा त्यांचा आवडता विषय. तासगावची द्राक्षे, आटपाडीची डाळिंबे, माण-खटावची कोरडी रब्बी ज्यांच्या घरात आहे त्यांना पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. ओलावा मोजणाऱ्या स्वस्त संवेदकाच्या दोन पट्ट्यांतून सतत वीज वाहिली तर त्या काही दिवसांत गंजतात, हे मुलांना शेतात लावल्यावरच कळते. मग मोजायच्या क्षणापुरतीच वीज सोडण्याची सूचना लिहिली जाते. जुन्या इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणाऱ्या मुलाचे आणि या मुलाचे शिक्षण एकाच जातीचे आहे.

महाविद्यालयीन पातळीवर ‘रोबोकॉन’ ही आशिया-पॅसिफिक स्पर्धा महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना परिचित झाली. २०१४ ची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात बालेवाडीला झाली. तिचा विषय पालकत्वाला वंदन हा होता. पालक यंत्रमानवाने बाल यंत्रमानवाला सीसॉवर, झोक्यावर आणि जंगलजिमवर खेळवायचे होते. व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाने ती स्पर्धा जिंकली.

सोबती, शिष्य की शिक्षक

यंत्रमानवाशी मुलांचे भावनिक नाते कसे असते, यावर जपान, अमेरिका आणि युरोपात बराच अभ्यास झाला आहे. अमेरिकेत एका शिशुगृहात ‘क्रिओ’ हा छोटा यंत्रमानव काही महिने ठेवला गेला आणि त्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आडवा झाला की दीड-दोन वर्षांची मुले त्याच्या अंगावर पांघरूण घालत. त्याचे वागणे एकसुरी केल्यावर त्यांचा रस कमी झाला. २०१२ मधल्या अमेरिकी अभ्यासात ९, १२ आणि १५ वर्षांच्या ९० मुलांनी ‘रोबोव्ही’शी गप्पा मारल्या. खेळाच्या मध्येच त्याला कपाटात बंद केले तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांना ते अन्यायाचे वाटले. याउलट ओसाकातल्या एका बाजारसंकुलात मोठी माणसे जवळ नसताना मुलांच्या टोळ्यांनी यंत्रमानवाची वाट अडवली, त्याला मारले, असेही संशोधकांनी नोंदले. यंत्राशी मूल कसे वागते यावर भोवतीच्या माणसांचा धाक, उदाहरण आणि संस्कार यांचा परिणाम होतो.

जपानमधल्या एका प्राथमिक शाळेत इंग्रजी बोलणारे यंत्रमानव दोन आठवडे ठेवले होते. पहिल्या आठवड्यात झुंबड उडाली, दुसऱ्यात बहुतेकांचे कुतूहल ओसरले. ज्यांनी संवाद चालू ठेवला त्यांचे इंग्रजी सुधारले. सर्वांत आशादायक निष्कर्ष उलट्या दिशेच्या प्रयोगांतून आले. फुमिहिदे तानाका यांच्या प्रयोगात यंत्रमानव मुद्दाम चुकत असे आणि मुले त्याला शब्द शिकवत; शिकवता शिकवता ते शब्द मुलांच्याच लक्षात राहिले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे अक्षर वळणदार नसलेल्या मुलांनी यंत्रमानवाला लिहायला शिकवले आणि त्या निमित्ताने स्वतः सराव केला. वर्गात मागे पडलेल्या मुलाला शिक्षकाची भूमिका मिळाली की त्याचा आत्मविश्वास परततो. कुमठ्याच्या वर्गांत मुले एकमेकांना शिकवतात तेव्हाही हेच घडते.

महाराष्ट्रातही शिकवणारा यंत्रमानव घडला आहे. मुंबईच्या पवई येथील केंद्रीय विद्यालयातील शिक्षक दिनेश पटेल यांनी पुठ्ठा, प्लास्टिक आणि टाकाऊ वस्तूंपासून ‘शालू’ तयार केली. मराठीसह अनेक भारतीय आणि परदेशी भाषांत ती बोलते. अशा यंत्राची माहिती सांगण्याची, न कंटाळता पुन्हा सांगण्याची क्षमता उपयोगी आहे. मात्र घरी काय घडले म्हणून मूल आज गप्प आहे, हे ओळखणे आणि त्याच्या पाठीवर हात ठेवणे शिक्षकाकडेच राहते.

उरलेले काम

यंत्रमानवाच्या शिक्षणात आज सर्वांत मोठा प्रश्न समान संधीचा आहे. अनुदानित प्रयोगशाळा असलेल्या शाळा थोड्या आहेत. दर हंगामात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या मराठवाड्यातून कृष्णाकाठी येतात. त्यांच्या मुलांचे शालेय वर्ष फडावर तुटते. साखरशाळांनी त्यांच्यासाठी अक्षर-अंकांची सोय करण्याचा प्रयत्न केला. संवेदक आणि मोटारी त्यांच्यापर्यंत क्वचित पोचतात. जत, आटपाडी, माण या दुष्काळी तालुक्यांतल्या लहान वस्तीशाळांचीही अडचण अंतराची आहे. मुलींचा प्रश्न वेगळा आहे. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्यात आहे. त्या जिल्ह्यात सोल्डरिंगचे साधन मुलाच्या हाती आणि अहवालाची वही मुलीच्या हाती अशी वाटणी होऊ नये, यासाठी शिक्षकाने गट पाडतानाच दक्ष राहायला हवे.

दुसरा प्रश्न देखभालीचा. तुटेल या भीतीने कुलूपबंद ठेवलेला संच कोणालाच काही शिकवत नाही. संवेदक जळणे, तार तुटणे, चाक निखळणे हा अभ्यासाचाच भाग आहे. त्यासाठी सुटे भाग, प्रशिक्षित शिक्षक आणि वेळापत्रकात राखीव तास लागतात. गावातला वायरमन, वेल्डर, पंप दुरुस्त करणारा कारागीर यांना अधूनमधून शाळेत बोलावले तर या भागात पिढ्यान्‌पिढ्या साठलेले ज्ञान मुलांना मिळेल.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेत संगणकीय विचार आणि हस्तकौशल्य यांना स्थान दिले. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत ५०,००० अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा झाली. जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत त्या पोचल्या तर वस्तीवरच्या मुलांनाही यंत्रमानव घडवता येईल. त्यांचे यश खोल्यांच्या किंवा संचांच्या संख्येवर ठरवणे पुरेसे होणार नाही. किती मुलांनी स्वतः सूचना लिहिल्या, किती जणांनी बिघाड शोधून दुरुस्त केला आणि किती जणांनी ते दुसऱ्याला शिकवले, हे मोजले पाहिजे. भाऊरावांच्या वसतिगृहापासून कुमठ्याच्या वर्गांपर्यंत या मुलखाने शिक्षणाची कसोटी हीच मानली आहे.